मुलाच्या कानात ग्रोमेट, नाकामागचं ॲडिनॉइड आणि ऑपरेशनचा निर्णय: सोलापुरातल्या आईबाबांसाठी

आमचा धाकटा साडेतीन वर्षांचा झाला तरी दोन शब्दांच्या पुढे वाक्य जाईना, आणि आम्ही घरातल्या सगळ्यांनी मिळून एकच कारण ठरवून टाकलं होतं, की घरात तीन भाषा आहेत म्हणून. सासूबाई तेलुगू बोलतात, मी मराठी, आणि दिवसभर तो ज्यांच्याकडे असतो त्या शेजारच्या काकू कन्नड. सोलापुरात कितीतरी घरात असंच असतं त्यामुळे कुणालाच काही खटकलं नाही. खरं कारण कानात होतं, पडद्याच्या मागे पाणी साठलं होतं, आणि ते कळेपर्यंत आमचं जवळपास वर्ष गेलं. पुढे एका डॉक्टरांनी ऑपरेशन लगेच करा सांगितलं, दुसऱ्यांनी थांबा सांगितलं, नातेवाईक म्हणाले एवढ्याशा पोराला भूल कशाला. त्या गोंधळात मला जे कुणीतरी बसवून सांगायला हवं होतं ते इथं लिहितेय. मी डॉक्टर नाही, पण दीड वर्ष ह्याच एका गोष्टीत गेलंय आणि प्रत्येक डॉक्टरला विचारून विचारून समजून घेतलंय.

कान वेगळा, नाक वेगळं

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा, कारण डॉक्टर दोन्ही एका दमात सांगतात, "ॲडिनॉइड काढू आणि ग्रोमेट टाकू", आणि आपल्याला वाटतं ते एकच ऑपरेशन आहे. तसं नाही. ते दोन निर्णय आहेत आणि दोघांना आपापलं कारण लागतं.

कानाच्या पडद्यामागे छोटी पोकळी असते आणि तिथनं एक नळी नाकाच्या मागे घशाकडे उतरते, तिच्यातनं कानात हवा जाते. लहान मुलांची ही नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते, त्यामुळे सर्दी झाली की ती बंद पडते, हवा जात नाही आणि आत चिकट पाणी साठत जातं, पातळ डिंकासारखं. दुखत नाही, ताप नाही, कान बाहेर वाहतही नाही, म्हणून लक्षातच येत नाही. ग्रोमेट म्हणजे पडद्याला बारीक छेद देऊन, पाणी ओढून काढून, तिथे बसवलेली साबुदाण्याहूनही लहान पोकळ नळी, जी बंद पडलेल्या नळीच्या ऐवजी कानात हवा जाऊ देते.

ॲडिनॉइड मात्र नाकाच्या पार मागे, पडजिभेच्या वर असतं, टॉन्सिलसारखंच मांस, पण तोंड उघडून बॅटरी मारली तरी दिसत नाही. साधारण ३ ते ७ वर्षांच्या वयात ते सगळ्यात मोठं असतं आणि वयात येईपर्यंत आपलं आपण आकसतं. ते फुगलं की नाक बंद, तोंड उघडं, रात्री घोरणं, आवाज नाकात अडकलेला. कानाच्या नळीचं तोंड त्याच्या शेजारीच उघडतं म्हणून दोन्ही दुखणी जोडीनं दिसतात. पण जोडीनं दिसली म्हणजे दोन्हीचं ऑपरेशन लागतंच असं नाही.

घरी काय बघायचं

कानाचं बघायला मुलाच्या मागे उभं राहा, त्याला आपले ओठ दिसायला नकोत, टीव्ही-मिक्सर बंद, आणि हळू आवाजात त्याच्या आवडीचं काहीतरी बोला. हे वेगवेगळ्या दिवशी करा कारण पाणी कमीजास्त होतं, एक दिवस ऐकतो, एक दिवस नाही, आणि मग घरचे म्हणतात लक्ष देत नाही, हट्टी झालाय. आमच्या सासूबाई म्हणायच्या, "ऐकतो की गं सगळं, कुरकुऱ्याचं पाकीट उघडलं की धावत येतो." बरोबर होतं त्यांचं. ह्या त्रासात मूल ठार बहिरं नसतं, कानात बोटं घालून ऐकल्यासारखं ऐकतं. मोठा आवाज पोचतो, शब्दाच्या कडेचे स, फ, थ असले बारीक आवाज गळतात. शांत खोलीत ते भागवून नेतं, पण वर्गात, किंवा शेजारी माग चालू असेल तर त्या खटखटीत त्याला निम्मं समजत नाही. बघायच्या अजून खुणा म्हणजे टीव्हीचा आवाज वाढवणं, सारखं "काय?" विचारणं, हाक एका बाजूनं मारली तर दुसरीकडे बघणं.

नाकाचं बघायला रात्रीचा व्हिडिओ काढा. हे माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं आहे, कारण दवाखान्यात मूल जागं असतं आणि डॉक्टरांना झोप दिसत नाही. झोप लागून तास-दोन तास झाले की झिरोच्या बल्बच्या उजेडात, छाती आणि तोंड दोन्ही दिसेल असा फोन धरा. मी बसले होते त्या रात्री आमच्याकडे घोरणं चालू होतं ते एकदम थांबलं, छाती वरखाली होतेय, बरगड्यांच्या खाली खड्डा पडतोय, पण नाकातोंडातनं आवाजच नाही. मी मनात आकडे मोजत होते, सहा, सात, आठ, आणि मग हुंदका दिल्यासारखा मोठा श्वास, कूस बदलली, परत घोरणं. पाच मिनिटांच्या त्या व्हिडिओत हे तीनदा झालं. नुसतं घोरणं वेगळं आणि असा श्वास अडकणं वेगळं. श्वास अडकत असेल तर वाट न बघता दाखवायचं. त्याच्याबरोबर झोपेत खूप घाम, मान मागे टाकून झोपणं, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू होणं, दिवसा चिडचिड, हे सगळं लिहून ठेवा.

टेस्टशिवाय कानाचा निर्णय नाही

पहिल्यांदा आम्ही ज्यांच्याकडे गेलो त्यांनी मानेचा बाजूनं एक एक्सरे काढला, ॲडिनॉइड मोठं आहे म्हणाले आणि पुढच्याच आठवड्याची तारीख दिली. ऐकण्याची टेस्ट नाहीच. मी विचारलं तर "पाणी दिसतंय ना, टेस्ट कशाला". आम्ही तारीख घेतली नाही. आज मी प्रत्येकाला हेच सांगते, की कानात नळी टाकायची का हे ठरवायला दोन कागद हातात पाहिजेत.

एक टिम्पॅनोमेट्री. कानात रबरी टोक लावून थोडी हवा दाबतात, काही सेकंदांचं काम, दुखत नाही. कागदावर डोंगरासारखा आलेख आला तर पडदा नीट हलतोय, त्याला ए म्हणतात. सपाट रेघ आली तर बी, म्हणजे बहुतेक आत पाणी आहे (मळानं कान बंद असेल किंवा पडद्याला भोक असेल तरी सपाट येतं म्हणून डॉक्टरांनी आधी कान बघायला पाहिजे). सी म्हणजे आत हवेचा दाब कमी आहे, पाणी येण्याच्या किंवा जाण्याच्या वाटेवर.

दुसरी ऐकण्याची टेस्ट, ऑडिओमेट्री. साधारण अडीच-तीन वर्षांच्या पुढचं मूल ती खेळातनं देतं, आवाज आला की मणी डब्यात टाकायचा. आदल्या दोन दिवसात घरी हा खेळ खेळून न्या, खूप फरक पडतो. त्याहून लहान किंवा मुळीच सहकार्य न करणाऱ्या मुलाची झोपेत बेरा टेस्ट करतात (डोक्याला तारा चिकटवून आवाजाला मेंदू कसा प्रतिसाद देतो ते बघतात), ती सकाळची घ्या आणि त्या दिवशी मुलाला लवकर उठवून ठेवा म्हणजे तिथे झोपेल. रिपोर्टमध्ये साधारण २० डेसिबलपर्यंत ठीक समजतात, पाण्यामुळे बहुतेक मुलांचं २५-३० च्या आसपास येतं, कधी ४० पर्यंतही जातं. हा आकडा विचारा, लिहून घ्या, कारण तीन महिन्यांनी त्याच्याशीच ताडून बघायचंय.

ॲडिनॉइडसाठी एक्सरे किंवा नाकातनं बारीक दुर्बीण. एक्सरेच्या वेळी मूल रडत असेल, गिळत असेल तर सावली फसवी येते, म्हणून नुसत्या एक्सरेवर विसंबू नका, व्हिडिओ आणि लक्षणं जोडीला पाहिजेत.

सोलापुरात खाजगी ईएनटीवाले भरपूर आहेत आणि सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, कान-नाक-घशाची ओपीडी आहे. अंगणवाडीत वर्षातनं दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम तपासणीला येते, त्यांच्या यादीत कान आणि बोलणं दोन्ही येतं, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला दुसरं मत घ्यायला जाणारेही खूप आहेत, जा, पण आधी इथले रिपोर्ट फाइलला लावून जा, नाहीतर तिथे सगळं पहिल्यापासून.

तीन महिने थांबणं म्हणजे काय

कानातलं पाणी बहुतेक मुलांचं तीन महिन्यांत आपोआप उतरतं. म्हणून दोन्ही कानात पाणी, पण मूल बाकी ठणठणीत असेल तर जगभरात आधी तीन महिने बघायची पद्धत आहे. पावसाळ्यात-थंडीत सर्दी जास्त तसं पाणीही जास्त, उन्हाळा लागला की कितीतरी मुलांचे कान मोकळे होतात. ह्या काळात अँटिबायोटिक, सर्दीच्या गोळ्या, ॲलर्जीचं सिरप ह्यांनी पाणी उतरत नाही हे अभ्यासातनं सिद्ध झालेलं आहे, तरी चिठ्ठीवर येतात. ॲलर्जी खरंच असेल किंवा ॲडिनॉइड फुगलं असेल तर नाकाचा स्टिरॉइड स्प्रे देतात, त्यानं काही मुलांचं नाक मोकळं होतं आणि ऑपरेशन टळतं, पण तो रोज, नीट, आणि दोन-तीन महिने द्यावा लागतो. मारताना टोक मधल्या पडद्याकडे नाही, बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या दिशेनं धरायचं.

थांबणं म्हणजे विसरणं नाही. बाईंना सांगून पहिल्या बाकावर बसवा, बोलताना त्याच्यासमोर बसून बोला, घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर ती बाहेरच, कारण धुरानं कानाची नळी अजून बिघडते. झोपून बाटलीनं दूध बंद. आणि कानात कोमट लसणीचं तेल घालू नका. आम्ही घातलं होतं, मनापासून, आजीच्या हातानं, आठवडाभर. पाणी पडद्याच्या आत असतं, तेल बाहेरच्या बाहेर राहतं, आणि पडद्याला भोक असेल तर उलट आत जाऊन त्रास.

काही मुलांनी मात्र तीन महिने थांबायचं नसतं. टाळू फाटलेली मुलं, डाऊन सिंड्रोम, स्वमग्नता, आधीपासून दुसऱ्या कारणानं ऐकू कमी असलेली किंवा दृष्टी कमी असलेली मुलं, बोलणं ठळक मागे पडलेली मुलं. ह्यांच्यासाठी डॉक्टर लवकर ठरवतात आणि ते बरोबर आहे. आणि तीन भाषांवर ढकलू नका. तीन भाषांनी मूल थोडं मिसळून बोलेल, पण भाषांमुळे ऐकू कमी येत नाही. बोलायला उशीर झालेल्या प्रत्येक मुलाची आधी ऐकण्याची टेस्ट व्हायलाच पाहिजे, मग घरात एक भाषा असो की चार.

मग कधी हो म्हणायचं

दोन्ही कानात पाणी, तीन महिने उलटून गेले, आणि टेस्टमध्ये ऐकणं कमी आलं, तर ग्रोमेटला हो म्हणायला भक्कम कारण आहे. ऐकणं ठीक असेल तर तीन-सहा महिन्यांनी परत तपासत राहायचं. कान सारखा पिकणाऱ्या मुलांमध्ये सहा महिन्यांत तीनदा किंवा वर्षात चारदा पिकला तर विचार करतात, पण तपासणीच्या वेळी कानात पाणी सापडलं तरच. कान पूर्ण कोरडा असेल तर थांबतात.

ॲडिनॉइडचं वेगळं. श्वास अडकतोय, नाक कायम बंद, नाकातनं सतत पिवळा शेंबूड, तर वय लहान असलं तरी काढतात, आणि टॉन्सिलही मोठे असतील तर त्यांचाही विचार होतो. पण नुसत्या कानातल्या पाण्यासाठी ४ वर्षांच्या आतल्या मुलाचं ॲडिनॉइड काढू नये असं अमेरिकेतल्या ईएनटी डॉक्टरांच्या मार्गदर्शक नियमांमध्ये स्पष्ट आहे. चार वर्षांनंतर, विशेषतः ग्रोमेट पडून परत पाणी भरलं असेल तर, ॲडिनॉइड काढल्यानं पुन्हा नळी टाकायची वेळ कमी येते. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, "ॲडिनॉइड कानासाठी काढताय की श्वासासाठी?" चांगल्या डॉक्टरला हा प्रश्न आवडतो. आमच्या दुसऱ्या डॉक्टरांनी व्हिडिओ दोनदा बघितला, कागदावर चित्र काढून दाखवलं, आणि तीन महिन्यांनी परत बी आणि ३५ डेसिबल आल्यावर दोन्ही एकत्र करायचं ठरलं, म्हणजे भूल एकदाच. तोवर तो चार वर्षांचा झाला होता.

अजून एक गोष्ट विचाराच, "टाळू नीट बघितली का?" पडजीभ दोन टोकांची असेल किंवा टाळूच्या आत लपलेली फट असेल तर ॲडिनॉइड पूर्ण काढल्यावर बोलताना हवा नाकातनं निसटते, आवाज कायमचा गेंगाणा होऊ शकतो. बघायला अर्धं मिनिट लागतं.

पैसे

अंदाज लेखी घ्या आणि त्यात सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, रूम, दोन ग्रोमेटची किंमत आणि कॉब्लेशनची (ॲडिनॉइड काढायच्या एका यंत्राची) कांडी वापरणार असतील तर ती, सगळं सुटं लिहून मागा. कॉब्लेशन, मायक्रोडिब्रायडर (फिरत्या पात्याचं यंत्र), जुनी खरवडायची पद्धत, तिन्हीनी ॲडिनॉइड निघतं, हात कुणाचा बसलाय ते जास्त महत्त्वाचं. विमा असेल तर पॉलिसी आधी वाचा, बऱ्याच पॉलिसीत टॉन्सिल-ॲडिनॉइडला पहिली दोन वर्षं मिळत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतंय का हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडे (योजनेच्या मदतनीसाकडे) रेशनकार्ड, आधार आणि मुलाचा जन्मदाखला घेऊन विचारा, आणि ॲडमिट व्हायच्या आधी विचारा, नंतर नाही.

ऑपरेशनच्या आधी आणि त्या दिवशी

रक्ताच्या टेस्ट होतात, भूलतज्ज्ञ भेटतात. घरात कुणाला दात काढल्यावर रक्त थांबलं नव्हतं, कुणाला भुलेचा त्रास झाला होता, मुलाला दमा आहे, हलणारा दात आहे, हे सगळं न विचारता सांगा. ताप किंवा छातीत कफ असेल तर लपवू नका, तारीख काही आठवडे पुढे जाईल, जाऊ दे.

उपाशी ठेवण्याचे नियम साधारण असे असतात, जेवण आणि वरचं दूध ६ तास आधी बंद, आईचं दूध ४ तास, साधं पाणी २ तास. तुमचे भूलतज्ज्ञ सांगतील तेच पाळा. बरेच लोक शाळेच्या सुट्टीत म्हणून एप्रिल-मेमध्ये करतात आणि आपल्याकडचा तो उन्हाळा, त्यात मूल रात्रीपासून कोरडं, म्हणून सकाळचा पहिला नंबर मागा आणि पाणी कितीपर्यंत चालेल ते स्पष्ट विचारून घ्या. कुणी आजी-मावशी प्रेमानं बिस्कीट देणार नाही ह्याकडे लक्ष ठेवा, पोटात अन्न असताना भूल देणं खरंच धोक्याचं आहे.

ग्रोमेटचं काम दहा-पंधरा मिनिटांचं, ॲडिनॉइड धरून पाऊण तास वगैरे. बाहेर टाका नाही, ॲडिनॉइड तोंडातनंच काढतात. जागं होताना मुलं खूप रडतात, हातपाय झाडतात, आईला ओळखत नाहीत असं वाटतं. मला त्या वीस मिनिटांबद्दल कुणी सांगितलं नव्हतं म्हणून मी पार घाबरले होते. ते भुलेमुळे असतं, अर्ध्या तासात उतरतं, कुशीत घेऊन बसायचं.

घरी आल्यावर

पहिले दोन दिवस घसा-कान-मान दुखते, त्याला वजनाप्रमाणे सांगितलेलं पॅरासिटामॉल वेळेवर द्या, दुखायची वाट बघू नका. ॲस्पिरिन नाही आणि कोडीनचं खोकल्याचं औषध तर अजिबात नाही. तोंडाला आठवडाभर घाण वास येतो, तो बरं होण्याचाच भाग आहे. मऊ वरणभात, खिचडी, गार दूध, आइस्क्रीम चालतं, कडक भाकरी आणि शेंगाचटणी आठवडाभर बाजूला. शाळा आठवडाभर नको, गर्दीही नको.

नाकातोंडातनं लाल रक्त आलं, परत परत काळपट उलटी झाली, किंवा झोपेत सारखं काहीतरी गिळतोय असं दिसलं तर टॉर्च लावून घसा बघा आणि तडक हॉस्पिटल, रात्र असली तरी, १०८ आहेच. मान एका बाजूला वाकडी राहिली आणि तीन-चार दिवसांनंतरही सरळ होत नसेल तरी दाखवा.

डिस्चार्ज घेऊन आम्ही रिक्षानं निघालो आणि सात रस्त्याला सिग्नलवर त्यानं दोन्ही हात कानावर ठेवले. मला वाटलं दुखतंय. तो म्हणाला, "आई, हॉर्न मोठाय." घरी आल्यावर पंख्याकडे बघत बसला, त्याला त्याचा आवाज पहिल्यांदा येत होता. काही दिवस मुलं आवाजाला दचकतात, मिक्सर लावायच्या आधी सांगून लावा.

ग्रोमेट असताना

आंघोळीला साबणाचं पाणी कानात जाऊ देऊ नका, डोकं धुताना व्हॅसलिन लावलेला कापूस पुरतो. स्वच्छ टँकमध्ये वरवर पोहायला बहुतेक डॉक्टर हरकत घेत नाहीत. पण उन्हाळ्यात आपल्याकडे पाठीला डबा बांधून पोरांना विहिरीत सोडतात, तळ्यात नेतात, ते पाणी आणि वरून उडी मारणं, दोन्ही नळी असेपर्यंत नको.

कान वाहिला तर घाबरू नका, बऱ्याच मुलांचा एकदा तरी वाहतो. त्याला तोंडानं घ्यायची अँटिबायोटिक सहसा लागत नाहीत, डॉक्टर सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे थेंब देतात, घातल्यावर कानाच्या भोकापुढचा छोटा उंचवटा दोन-चारदा दाबायचा म्हणजे औषध आत उतरतं. मेडिकलमधनं आपल्या मनानं कुठलेही थेंब घेऊ नका, काही थेंब भोक असलेल्या कानात आतल्या नसेला इजा करतात. तेल, काडी, रस्त्यावरचे कान साफ करणारे, पिचकारीनं कान धुणं, सगळं बंद. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर पहिलं वाक्य, "कानात ग्रोमेट आहे."

नळी साधारण ६ ते १८ महिन्यांत आपोआप बाहेर पडते. क्वचित भोक बुजत नाही, क्वचित नळी दोन-तीन वर्षं तशीच राहते आणि काढावी लागते, काही मुलांना परत पाणी भरतं. म्हणून दर चार-सहा महिन्यांनी तपासणी आणि ऑपरेशननंतर एकदा ऐकण्याची टेस्ट परत करायचीच.

बोलणं लगेच येत नाही हेही सांगते, कारण मी रोज वाट बघायचे. राहिलेलं वर्ष त्याला भरून काढावं लागतं. आम्ही पाच महिने स्पीच थेरपीला गेलो, आणि तिथल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं की घरातली एकही भाषा बंद करू नका, ज्याला जी येते त्यानं ती भरपूर बोला. आता तो सासूबाईंशी तेलुगूत भांडतो. आठव्या महिन्यात डाव्या कानातली नळी मळाबरोबर आली, डॉक्टरांनी चिमट्यानं उचलून माझ्या तळहातावर ठेवली, आणि त्या कानाचा रिपोर्ट १५ डेसिबल आला. उजवीकडची अजून आहे, दिवाळीनंतर परत दाखवायचंय.